'ऐवजी' की 'पेक्षा'? ॲजाइल जाहीरनाम्यातला 'ओव्हर'

ॲजाइल जाहीरनामा म्हणजे सॉफ्टवेअर लवचिकपणे कसे बनवावे हे सांगणारा छोटा इंग्रजी मजकूर. त्याची पहिली ओळ आहे 'Individuals and interactions over processes and tools'. प्रश्न असा आहे: ही ओळ मराठीत 'प्रक्रिया आणि साधनांऐवजी व्यक्ती आणि परस्परसंवाद' अशी लिहिली तर चालेल का?

माझ्या मते नाही, आणि अडचण 'ऐवजी'ची आहे. 'चहाऐवजी कॉफी' मागितली की चहा येतच नाही. 'चहापेक्षा कॉफी बरी' म्हणणाऱ्याला चहाही चालतो. 'ऐवजी'च्या मुळाशी मोबदला किंवा बदली या अर्थाचा अरबी शब्द आहे. त्यात एक वस्तू गेल्याशिवाय दुसरी येत नाही. 'पेक्षा' फक्त तुलना करतो.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटाह राज्यात, स्नोबर्ड इथे सॉफ्टवेअर क्षेत्रातले १७ जण जमले आणि त्यांनी हा जाहीरनामा लिहिला. केंट बेक, वॉर्ड कनिंगहॅम, मार्टिन फाउलर त्यांत होते. 'हे ओव्हर ते' अशा चार जोड्या लिहून झाल्यावर त्यांनी मुद्दाम स्पष्ट केले की उजवीकडच्या गोष्टींनाही मोल आहे, डावीकडच्या आम्हाला अधिक मोलाच्या वाटतात. 'ऐवजी' वापरला की हे वाक्यच खोटे पडते. दुसऱ्या जोडीत तर त्याने नुकसान होते. 'सविस्तर दस्तऐवजांऐवजी चालते सॉफ्टवेअर' असे वाचणारी टीम काहीच लिहून ठेवणार नाही, आणि वर्षभराने तो कोड हाती घेणारा नवा माणूस एकटा पडेल. माणसाला पुढे ठेवणाऱ्या मजकुरातून असा अर्थ निघणे मला फार खटकते.

'व्यक्ती' चूक नाही, पण मी 'माणसे' लिहीन. 'या प्रोजेक्टवर चार रिसोर्स टाका' असे सर्रास बोलले जाते तिथे 'माणसे' हा शब्द डोळ्यांसमोर असलेला बरा. 'परस्परसंवाद' मात्र कागदी वाटतो. 'आपसातले बोलणे' सरळ आहे.

आता खरी मेख. मराठीत 'पेक्षा' लागलेले नाम साधारणपणे आधी येते. म्हणजे मुळात उजवीकडे असलेली प्रक्रिया आपल्याकडे डावीकडे सरकते, आणि शेवटचे उजवे-डावे वाक्य उलटे होते. दोन वाटा आहेत: ते वाक्य बदलायचे, किंवा क्रम राखायचा. मी क्रम राखीन:

'माणसे आणि त्यांचे आपसातले बोलणे अधिक मोलाचे, प्रक्रिया आणि साधनांपेक्षा.'

बोलताना आपण असे सहज म्हणतो, त्यामुळे ही रचना कानाला परकी वाटत नाही. उरलेल्या तीन ओळीही याच घडणीत बसतात.