डबल मार्कर ‘हाय रिस्क’ आला म्हणजे बाळाला आजार आहेच का?

"मॅडम, एवढंच सांगा, बाळाला आहे की नाही." खुर्चीत नीट बसायच्या आधीच तिने विचारलं. वय ३१, पहिलं बाळ, तेरावा आठवडा चालू, आणि हातात डबल मार्करचा, म्हणजे गरोदरपणातल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, इतक्या वेळा उघडून परत घडी घातलेला की घडीवरची अक्षरं पुसट झाली होती. डाऊन सिंड्रोम, म्हणजे एक क्रोमोझोम (गुणसूत्र) जास्तीचा असल्याने होणारा जन्मजात आजार, त्याच्यासमोर १:१८० आणि शेजारी लाल अक्षरात हाय रिस्क. फोनवर तिला फक्त "हाय रिस्क आलाय, येऊन भेटा" एवढंच सांगितलं होतं आणि मधे शनिवार-रविवार, म्हणजे दोन रात्री नवराबायको दोघंही जागेच. असा निरोप फोनवर देऊन मोकळं होणं बंद व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं, निदान "याचा अर्थ बाळाला आजार आहे असा नाही" एवढं एक वाक्य तरी सोबत सांगा ना.

मी तिला खरं तेच सांगितलं, की या रिपोर्टवरून हो की नाही ते मला सांगता येत नाही, कुणालाच येत नाही. कारण या टेस्टमधे बाळाचे क्रोमोझोम कुणी बघितलेलेच नसतात. आईच्या रक्तातले दोन पदार्थ मोजतात, पॅप-ए आणि फ्री बीटा एचसीजी, दोन्ही वारेतून (प्लासेंटातून) येतात, मग ११ ते १४ आठवड्यांच्या मधल्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी, म्हणजे एनटी, मोजतात, त्यात आईचं वय घालतात आणि सॉफ्टवेअर एक अंदाज काढतं. तिचा पॅप-ए कमी होता, बीटा एचसीजी जास्त, म्हणून धोक्याचा अंदाज वर गेला. एनटी १.६ मिमी, म्हणजे नॉर्मल.

मग मी चौकटीचा कागद घेतला, १२ बाय १५ असे १८० चौकोन आखले आणि त्यातला एक पेनने भरला. म्हटलं, अगदी असाच रिपोर्ट आलेल्या १८० जणी धरा, त्यातल्या एकीच्या बाळाला डाऊन सिंड्रोम असेल आणि १७९ जणींच्या नसेल, टक्क्यात म्हणाल तर अर्ध्या टक्क्याच्या जरा वर. नवऱ्याने सुटल्यासारखा श्वास सोडला. ती मात्र त्या भरलेल्या चौकोनाकडेच बघत होती. "आणि ती एक मीच असले तर?"

या प्रश्नाला माझ्याकडे आकड्यातलं उत्तर नाही. "काही होत नाही, काळजी करू नका" असं म्हणणं सोपं असतं पण मी ते म्हणत नाही, कारण १८० मधली ती एक कुणीतरी खरीच असते आणि ती पण अशीच समोर बसलेली असते.

अजून एक गोष्ट लोकांना सांगितलेली नसते. हाय आणि लो यातली रेघ माणसांनी ठरवलेली असते, बऱ्याच लॅब १:२५० धरतात. म्हणजे १:२४० वालीला लाल अक्षरं आणि १:२६० वालीला लो रिस्क, आणि दोघींमधे खरा फरक जेमतेम. लाल अक्षरांचा अर्थ एवढाच की हिला पुढच्या तपासणीबद्दल विचारा. आणि लो रिस्क म्हणजे शून्य नाही हेही तितकंच खरं.

टेस्टसाठी भरलेला फॉर्म मी नेहमी तपासते. आठवडे चुकले, वजन चुकलं, आयव्हीएफ किंवा डायबेटिस लिहायचं राहिलं तर आकडा बदलू शकतो. हिचं सगळं बरोबर होतं. चूक सापडली असती तर बरं झालं असतं हे तिच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं.

पुढे दोन वाटा होत्या. एनआयपीटी, म्हणजे परत रक्तच, आईच्या रक्तात वारेतून आलेले डीएनएचे तुकडे असतात ते तपासायचे. डाऊन सिंड्रोमसाठी ती १०० मधल्या जवळपास ९९ केसेस पकडते, पण तीही स्क्रीनिंगच, म्हणजे शक्यता सांगणारी टेस्ट, पॉझिटिव्ह आली तरी त्यावरच मोठा निर्णय घ्यायचा नाही, आधी अम्निओने खात्री करायची. आणि दुसरी वाट म्हणजे थेट अम्निओ, पंधराव्या आठवड्यानंतर, सुईने बाळाभोवतीचं थोडं पाणी काढून बाळाचेच क्रोमोझोम बघायचे, उत्तर पक्कं पण गर्भपाताचा थोडासा धोका असतो. एनटी ३.५ मिमीच्या वर असती किंवा सोनोग्राफीत काही दोष दिसला असता तर मी एनआयपीटीवर थांबा म्हटलंच नसतं.

नवऱ्याला अम्निओ हवी होती, एकदाचं कळून जाऊदे म्हणून. तिला सुईची भीती. मी म्हटलं टेस्ट ठरवायच्या आधी एक बोला, उत्तर हो आलं तर तुम्ही काय करणार? ते दोघं यावर एकमेकांशी बोललेच नव्हते. बराच वेळ कुणी काही बोललं नाही, मग ती रडली, मग दोघं बोलायला लागले आणि मी गप्प बसले. साधारण अशाच आकड्याच्या दुसऱ्या एका जोडप्याने सरळ अम्निओ घेतली होती, त्यांना अर्धवट उत्तरावर राहता येत नव्हतं, आणि त्यांचंही बरोबरच होतं.

हिने एनआयपीटी घेतली. दहा दिवसांनी रिपोर्ट लो रिस्क आला. "म्हणजे आता शंभर टक्के?" मी नाही म्हटलं, शक्यता खूप खूप कमी झाली, शून्य झाली नाही. तिने नवऱ्याकडे बघितलं, जरा विचार केला आणि म्हणाली, "एवढ्यावर मी राहू शकते." अम्निओ नको ठरलं.

पॅप-ए मात्र मी सोडून दिला नाही, कारण तो फार कमी असला तर वार नीट काम करत नसल्याचं ते लक्षण असू शकतं, बाळाची वाढ कमी होऊ शकते, आईचं बीपी वाढू शकतं. तर १९व्या आठवड्याची सोनोग्राफी आणि त्यानंतर बाळाची वाढ बघायच्या तारखा तिने त्या चौकटीच्या कागदाच्याच मागे लिहून घेतल्या.