मुलांच्या उन्हाळी नाट्य-कविता शिबिराला दरवर्षी मदत करायची आहे. पैसे नेमके कशासाठी द्यावेत, आणि पावती-करसवलतीचं कसं?

शिकवणाऱ्यांच्या मानधनाला द्या. हॉल, पोशाख, लाइट्स यांना देणारे पुष्कळ भेटतात, कारण तिथे नाव झळकतं. तालमीवर नाव छापता येत नाही.

एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण मी सहा उन्हाळे असं शिबिर चालवलंय. सकाळी नाटक, दुपारी आपली आपण लिहिलेली कविता उभं राहून बोलायची. दुपारी स्लॅमचे, म्हणजे कविता सादर करायच्या स्पर्धेचे, नियम असायचे. शिकागोच्या ग्रीन मिल या जॅझ क्लबमध्ये १९८६ पासून कवी मार्क स्मिथनी चालवलेला तो प्रकार. प्रेक्षकांतलेच पाच परीक्षक, प्रत्येकाचे दहापैकी गुण, त्यातले सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी सोडून तिघांची बेरीज. संगीत नाही, हातात कुठली वस्तू नाही. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सूट, त्यापुढे दर दहा सेकंदांना अर्धा गुण कट.

एका तेरा वर्षांच्या मुलीची कविता आधी ४ मिनिटं १० सेकंद जायची. तीन आठवडे ती कापत बसली. श्वास घ्यायचा तिथे हिरव्या पेनाने तिरप्या रेघा. बाबांच्या किल्ल्यांची ओळ तिने तीनदा खोडली आणि तीनदा परत लिहिली. शेवटी २ मिनिटं ५५ वर आली.

त्या वर्षी नेमका मोठा देणगीदार मिळाला होता. समारोप दणक्यात हवा, भाषण हवं. पाहुणे ४२ मिनिटं बोलले, विषय 'मुलांना बोलू द्या'. हॉल नऊला सोडायचा होता. नाटकाला हात लावता येईना, कारण पोशाख देणगीदाराचे. मग कविता कापल्या. विंगेतून तिला 'एका मिनिटात उरक' अशी खूण करणारा मीच. तिने माझ्याकडे पाहिलं, पहिल्या हिरव्या रेघेपर्यंत बोलली, कागदाची घडी घातली आणि आत आली.

दुसऱ्या दिवशी सामान आवरताना तिने एक चिठ्ठी दिली. पाहुण्यांचा हिशोब मांडला होता: ४२ मिनिटं, वजा ११६.५ गुण. पूर्ण गुण मिळाले तरी बेरीज ३० च होते. मी पडताळून पाहिलं, गणित बरोबर होतं.

आमचे तेव्हाचे खजिनदार अजून म्हणतात की समारोप मोठा केला नाही तर देणगीदार फिरकत नाहीत. म्हणूनच तुम्हाला सांगतो, तुम्ही देणगीदार आहात तर अट तुम्हीच घाला. पत्रात लिहा: भाषण नको, स्टेजवर नाव नको, मुलांची मिनिटं कमी करायची नाहीत. पैसे शिबिर सुरू व्हायच्या आधी द्या आणि एका वर्षाऐवजी तीन वर्षांचा शब्द द्या, म्हणजे चांगला शिकवणारा दुसरीकडे जात नाही. लांबून येणाऱ्या मुलांचं जाण्यायेण्याचं भाडं उचला; पहिल्या आठवड्यानंतरची गळती बरीचशी त्यापायीच असते. पोशाखांचं म्हणाल तर नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिननी शिकागोतच मुलांबरोबर नाट्यखेळ घडवले, त्या खेळांना मोकळी खोली पुरते.

आता जरा सबुरीने. हॉल फुकट मिळत नाही, हे मलाही कळतं. काही मुलांना पोशाख अंगावर चढल्याशिवाय आवाजच फुटत नाही, असंही पाहिलंय. सगळे देणगीदार तसले नसतात. आणि द्यायच्या आधी एक दिवस न सांगता तालमीला जाऊन बसा. मुलांसोबत कायम दोन मोठी माणसं नसतील, तर तिथे काहीच देऊ नका. हे खरं तर मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

पावती, करसवलत हे सगळं आमच्याकडे खजिनदार बघायचे. तुम्हीही त्यासाठी संस्थेच्या खजिनदारांनाच गाठा. आमचे तेवढं मात्र चोख करायचे.