कार्यालयातील संगणकावर फाइली शोधण्यासाठी कोणते डेस्कटॉप सर्च सॉफ्टवेअर घ्यावे? ते आपली माहिती बाहेर पाठवते का?

माहिती बाहेर जाते का, ही आपली शंका रास्त आहे, परंतु ती दुसऱ्या क्रमांकाची आहे. पहिली शंका घरातल्या घरात घ्यायला हवी. याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या धाकट्या दिरांचा जुना वाद आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

मी पुण्यात दस्तांचे काम करणारी वकील आहे. खरेदीखते, बक्षीसपत्रे, मृत्युपत्रे, भाडेकरार यांचे मसुदे साठत जातात आणि फाइलचे नाव कोणालाच आठवत नाही. आठवते ते सोसायटीचे नाव किंवा एखाद्या पक्षकाराचे आडनाव. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या दिरांनी एका रविवारी कार्यालयातील सामाईक संगणकावर मजकूर शोधणारे एक सॉफ्टवेअर बसवून दिले. मी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, "वहिनी, सगळे याच मशीनवर राहते, एक अक्षरही बाहेर जात नाही." ते म्हणाले ते शब्दशः खरे होते.

काही महिन्यांनी एक गृहस्थ सहकारनगरमधील सदनिकेचा भाडेकरार करण्यासाठी आले. नावांचे ऱ्हस्व-दीर्घ पक्षकाराने स्वतः तपासावे म्हणून आम्ही मसुदा दाखवताना स्क्रीन त्यांच्याकडे वळवतो. माझ्या सहायकाने जुना नमुना काढण्यासाठी सोसायटीचे नाव टंकले आणि उजवीकडच्या चौकटीत त्या गृहस्थांच्या आईच्या मृत्युपत्राचा कच्चा मसुदा उघडला: "माझ्या पश्चात सदर सदनिका माझी कन्या हिला मिळावी". आई आपल्या मुलांना न सांगता आमच्याकडे येऊन गेल्या होत्या. गृहस्थांनी ती ओळ वाचली, चष्मा काढला आणि एवढेच विचारले, "आई इथे कधी येऊन गेली?" मी उत्तर दिले नाही, परंतु तोवर उत्तर देण्यासारखे काही उरलेच नव्हते. त्या बाईंनी पुढच्याच आठवड्यात आपले कागद परत नेले.

तो मसुदा मी व्हेराक्रिप्टच्या, म्हणजे पासवर्डशिवाय फाइली वाचता येऊ न देणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, कुलूपबंद ड्राइव्हमध्ये ठेवला होता आणि त्या वेळी ते कुलूप लावलेलेच होते. परंतु आधी कधीतरी ड्राइव्ह उघडी असताना सॉफ्टवेअरने त्यातील फाइली वाचल्या होत्या आणि त्यांचा मजकूर आपल्या इंडेक्समध्ये, म्हणजे साध्या सी ड्राइव्हवर, उतरवून ठेवला होता. मजकूर शोधणारे बहुतेक प्रत्येक सॉफ्टवेअर असेच चालते: फाइली एकदा वाचायच्या, शब्दांची सूची करायची, काही वेळा संपूर्ण मजकूरही जवळ ठेवायचा, म्हणजे पुढचा शोध क्षणात लागतो. ही आपल्या कागदपत्रांची दुसरी प्रत असते आणि तिला मूळ फाइलचे कुलूप लागू होत नाही. दीर आजही म्हणतात की डेटा बाहेर गेलाच नाही. पक्षकाराने वकिलाला सांगितलेली गोष्ट पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम १२६ खाली गोपनीय होती, आता ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ खाली आहे. ती इंटरनेटवरून फुटली की टेबलापलीकडून, याने मला काहीही फरक पडत नाही.

बाहेर जाण्याचा धोका काल्पनिक आहे असे मात्र नाही. गूगल डेस्कटॉपने २००६ मध्ये एका संगणकावरील फाइली दुसऱ्यावरून शोधण्याची सोय दिली होती आणि त्यासाठी फाइलींचा मजकूर गूगलच्या सर्व्हरवर जाऊन राहत असे. ते उत्पादन २०११ मध्ये बंद झाले. मॅकच्या स्पॉटलाइटमध्ये २०१४ साली सूचनांची सोय आली तेव्हा आपण टंकलेले शब्द अ‍ॅपलकडे जाऊ लागले, अर्थात ती बंद करता येते. विंडोजच्या स्टार्ट मेनूत टंकलेले शब्दही, तशी सेटिंग बदलली नसेल तर, बिंगकडे जातात. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलेले रिकॉल तर स्क्रीनची चित्रेच टिपून ठेवते. टीका झाल्यावर ते पुढे ढकलले गेले आणि नंतर वापरणाऱ्याने स्वतः चालू केले तरच चालेल असे झाले. सामाईक संगणकावर ते चालू करणाऱ्या वकिलाला मी माझे कागद दाखवणार नाही.

आता निवडीविषयी. फाइलचे नाव आठवत असेल तर एव्हरीथिंग नावाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. ते मूळ रूपात मजकूर वाचत नाही, एनटीएफएसच्या, म्हणजे विंडोजच्या फाइली साठवण्याच्या पद्धतीच्या, फाइल-तक्त्यातून फक्त नावे उचलते. मजकूर शोधायचा असेल तर डॉकफेचर किंवा रिकोल (Recoll; वरचे मायक्रोसॉफ्टचे रिकॉल नव्हे) घ्यावे, कारण कोणती फोल्डरे वाचायची हे आपण ठरवतो आणि इंडेक्स कुठे राहतो हे उघड दिसते; मी तो कुलूपबंद ड्राइव्हवरच ठेवते. विंडोजचे अंगचे सर्चही चालेल, मात्र नाजूक फोल्डरे त्यातून वगळा. प्रत्येक व्यक्तीचे स्वतंत्र लॉगिन हवेच, आणि पक्षकारासमोर शोध घ्यायचाच नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. आपली कागदपत्रे मराठी असतील तर यातील कोणतेही सॉफ्टवेअर निम्मेच काम करील. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधील मसुदे युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतांत, नसतात, त्यामुळे "बक्षीसपत्र" टंकून ते सापडत नाहीत. स्कॅन केलेला सातबारा म्हणजे नुसते चित्र. तो टेसरॅक्टसारख्या ओसीआरमधून, म्हणजे चित्रातील अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढावा लागतो आणि टेसरॅक्टला मराठी येते. शिवाय विभक्तीमुळे शब्दाचे रूप बदलते: "सदनिका" शोधले तर "सदनिकेचा" सुटतो, म्हणून "सदनिक" लिहून पुढे तारांकित खूण द्यावी. आणि संगणक विकताना किंवा दुरुस्तीला देताना फाइलींबरोबर इंडेक्सही पुसावा, कारण फाइल काढून टाकली तरी इंडेक्स अद्ययावत होईपर्यंत तिचा मजकूर त्यात राहू शकतो.