रीडिंग बसवू नकोस

प्रश्न : मी अकरावी सायन्सला आहे. साध्या दोलकाच्या (दोऱ्याला टांगून झुलवलेल्या गोळ्याच्या) प्रॅक्टिकलमध्ये ‘जी’चं, म्हणजे गुरुत्वत्वरणाचं, उत्तर ७० सेंटिमीटर लांबीला ९५२ (सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग) आलं, १०० ला ९६०. सर म्हणाले, ९८० येईल अशी रीडिंग बसवून जर्नल पूर्ण करा. सगळे तेच करतात. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर प्रयोग करायचा कशाला? – एक विद्यार्थिनी, सातारा

उत्तर : एकही रीडिंग खोडू नकोस, त्यातच उत्तर दडलंय. स्टॉपवॉच दाबताना होणाऱ्या चुकीने उत्तर कधी वर जातं, कधी खाली. तुझी दोन्ही उत्तरं कमीच आहेत आणि लांबी वाढल्यावर तूट घटलीय. तू नुसता दोरा मोजला असावास, असं मला वाटतं. लांबी धरायची ती टांगल्या जागेपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. हूक आणि गोळ्याची त्रिज्या मिळून १.९ सेंटिमीटर सुटले असतील, तर ७० चे ७१.९ होतात आणि त्याच प्रमाणात ९५२ चे ९७८. शंभरलाही तेवढेच मिळवून बघ, तिथेही ९७८ च येतात! आता गोळ्याचा व्यास व्हर्नियरने मोज, हूक पट्टीने, आणि माझा अंदाज खरा की खोटा ते तूच ठरव. आणखी दोन-तीन लांब्या घेऊन, आडव्या अक्षावर आवर्तकालाचा (एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग आणि उभ्यावर लांबी असा आलेख काढ. रेषा शून्याच्या जितकी खाली उभ्या अक्षाला छेदेल, तितकीच लांबी मोजायची राहिली.

बरं, ९८० तरी कुठले? ९८०.६६५ हे १९०१ साली ठरवलेलं प्रमाण मूल्य. प्रत्यक्षात ‘जी’ विषुववृत्तावर ९७८, ध्रुवांवर ९८३. साताऱ्यात ९७८ च्या आसपासच.

मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. रीडिंग बसवायला शिकलेली हुशार मुलंसुद्धा विज्ञान म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली उत्तरं, असं धरून चालतात, याचं मला फार वाईट वाटतं. दोष एकट्या सरांचा नाही. प्रॅक्टिकलचे ३० मार्क सगळ्यांच्याच डोक्यावर असतात. १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात सहावी ते आठवीचं विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा परीक्षाही बदलली : पुस्तक उघडून लिहायची मुभा आणि हाताने करायचे प्रयोग. आपल्याकडे तसं होईल तेव्हा होवो. तू मात्र जर्नलमध्ये ९५२ आणि ९६० तसेच ठेव, खाली दुरुस्त लांबीचं गणित मांड आणि सही घेण्याआधी सरांना दाखव.