घरच्या लॅपटॉपवर डीएनएस सारखा बदलावा लागतो, सोपा मार्ग आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ११ चा एकच लॅपटॉप आहे. दिवसा त्यावर व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारी सुरक्षित वाट) लावून ऑफिसचं काम चालतं. संध्याकाळी तो मुलांकडे जातो, म्हणून नको त्या साइट अडवणारा डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी सेवा) लावता. प्रवासात हॉटेलचं वाय-फाय जोडलं की लॉगिनचं पानच उघडत नाही, म्हणून परत सगळं ऑटोमॅटिकवर आणता. दर वेळी सेटिंगच्या चार-पाच खिडक्या उघडायच्या, आकडे भरायचे. हे एका क्लिकमध्ये होईल का?

होतं, त्यासाठी छोटे फुकट प्रोग्रॅम आहेत आणि ते खाली सांगतोच. पण तुम्ही सांगितलेल्या तीन कामांपैकी एकासाठीही रोज डीएनएस बदलायची गरज नाही. तुमची सगळी दगदग एका गोष्टीमुळे आहे: डीएनएस तुम्ही अख्ख्या मशीनला लावताय, आणि तो लावायला हवा जागेला, म्हणजे त्या-त्या वाय-फायला.

आधी प्रवासाचं बघू. हॉटेल, विमानतळ, रेल्वे स्टेशन इथलं वाय-फाय तुम्हाला लॉगिनच्या पानावर नेतं ते बहुतेक वेळा स्वतःच्या डीएनएसच्या मदतीने. तुम्ही कुठल्याही साइटचं नाव विचारा, लॉगिन होईपर्यंत ते स्वतःच्याच पानाकडे वळवतं. तुमचा लॅपटॉप मात्र हट्टाने बाहेरच्या डीएनएसला विचारत बसतो, तो रस्ता लॉगिनशिवाय बंद असतो, आणि पान गोल गोल फिरत राहतं.

विंडोज ११ मध्ये प्रत्येक वाय-फायला वेगळा डीएनएस ठेवता येतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'वाय-फाय', त्यात 'मॅनेज नोन नेटवर्क्स', आणि त्या यादीतलं तुमच्या घरच्या वाय-फायचं नाव. तिथे 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट'च्या समोर 'एडिट' आहे. 'मॅन्युअल' निवडा, आयपीव्ही४ (इंटरनेटवरच्या पत्त्यांची जुनी पद्धत) चालू करा, दोन आकडे भरा, सेव्ह करा. आता हे आकडे फक्त घरच्या वाय-फायला लागू. हॉटेलचं वाय-फाय जोडाल तेव्हा ते नवीन नेटवर्क असल्यामुळे आपोआप ऑटोमॅटिकवरच असेल. हात लावायचं कामच नाही.

यात एक खोच आहे. त्याच 'वाय-फाय' पानावर 'हार्डवेअर प्रॉपर्टीज' म्हणून वेगळा पर्याय आहे आणि तिथेही डीएनएस भरता येतो. तिथे भरलेला डीएनएस सगळ्या वाय-फायना लागू होतो आणि वरचं नेटवर्कनिहाय सेटिंग झाकून टाकतो. 'रन'मध्ये एनसीपीए डॉट सीपीएल (ncpa.cpl) लिहून उघडणाऱ्या जुन्या कंट्रोल पॅनलच्या खिडकीतून भरलेल्या आकड्यांचंही तेच. तुम्ही आजवर तिथूनच बदलत असाल, असा माझा अंदाज आहे. म्हणून आधी त्या दोन्ही ठिकाणी डीएनएस परत ऑटोमॅटिकवर आणा, मगच घरच्या नेटवर्कला हात लावा.

आता मुलांचं. इथे लॅपटॉपवर काही करण्याआधी राउटरकडे बघा. विंडोजमधलं डीएनएसचं सेटिंग नेटवर्क कार्डाला लागतं, वापरणाऱ्याला नाही. मुलांचं वेगळं अकाउंट काढलं तरी डीएनएस दोघांना एकच राहतो. शिवाय मुलांच्या हातात फक्त लॅपटॉप थोडाच असतो? टॅब आहे, टीव्ही आहे, जुना फोन आहे. फिल्टरचा डीएनएस राउटरमध्येच भरला की घरातल्या प्रत्येक उपकरणाला तो आपोआप मिळतो, आणि लॅपटॉप ऑटोमॅटिकवर सोडला तरी चालतो. माझ्या घरी मी हेच केलं आहे. राउटरचं पान बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ वर उघडतं, पासवर्ड राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. डीएनएसची जागा कुठे 'डीएचसीपी'खाली असते, कुठे 'लॅन'खाली. इंटरनेटवाल्याने दिलेल्या काही राउटरमध्ये हा भाग कुलूपबंद असतो. तसं असेल तर वर सांगितलं तसं फिल्टरचे आकडे लॅपटॉपच्या घरच्या वाय-फायवर भरा.

आकडे कोणते? इथे मराठी आकड्यांत लिहितोय, कॉम्प्युटरमध्ये भरताना इंग्रजी आकडेच भरा. क्लाउडफ्लेअरचा कुटुंबासाठीचा डीएनएस १.१.१.३ आणि जोडीला १.०.०.३. हा प्रौढांसाठीच्या साइट आणि व्हायरस पसरवणाऱ्या साइट दोन्ही अडवतो. फक्त व्हायरसच्या साइट अडवायच्या असतील तर १.१.१.२ आणि १.०.०.२, काहीच अडवायचं नसेल तर नेहमीचा १.१.१.१ आणि १.०.०.१. ओपनडीएनएसचा फॅमिलीशील्ड २०८.६७.२२२.१२३ आणि २०८.६७.२२०.१२३. गूगलचा ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हा २००९ पासून चालू आहे, पण तो अशा साइट अडवत नाही.

दोन्ही आकडे एकाच सेवेचे भरा. पहिला १.१.१.३ आणि दुसरा ८.८.८.८ अशी जोडी लावलेली मी खूप ठिकाणी पाहिली आहे. 'एक बंद पडला तर दुसरा असावा' हा विचार चांगला, पण पहिल्याने उत्तर द्यायला जरा उशीर केला की विंडोज दुसऱ्याला विचारतं, आणि दुसरा काहीच अडवत नाही. मग फिल्टर कधी चालतो, कधी नाही, आणि कारण सापडत नाही.

डीएनएसचा फिल्टर नेमकं किती करतो तेही आई-वडिलांना माहीत हवं. त्याच्याकडे साइटचं फक्त नाव जातं. त्या नावाला तो हो म्हणतो किंवा नाही. यूट्यूबवरचा एखादा व्हिडिओ किंवा एखाद्या साइटवरचं एकच पान त्याला अडवता येत नाही. चुकून नको तिथे पोचणाऱ्या लहान मुलांसाठी तो खरोखर उपयोगी आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने मनावर घेतलं तर तो यातून वाट काढेल, तिथे बसून बोलण्याला पर्याय नाही.

इतकं केल्यावरही कधी कधी तुम्हाला स्वतःला फिल्टरशिवाय काम करायचं असेल. त्यासाठी एका क्लिकचा मार्ग. निरसॉफ्टचा 'क्विकसेटडीएनएस' हा छोटासा फुकट प्रोग्रॅम आहे, इन्स्टॉल करावा लागत नाही. त्यात 'फॅमिली', 'साधा' अशा तुम्हाला हव्या त्या नावांनी जोड्या एकदा भरून ठेवायच्या. मग यादीतलं नाव निवडायचं आणि लागू करायचं. राउटरकडून येणारा ऑटोमॅटिक डीएनएस हाही त्या यादीतला एक पर्याय असतो. सॉर्डमचा 'डीएनएस जंपर'ही असाच आहे. त्यात कोणता डीएनएस तुमच्या जोडणीवर लवकर उत्तर देतो हे मोजायची सोय आहे आणि जुनं साठवलेलं पुसायचं बटणही आहे. दोघांनाही अॅडमिनची परवानगी लागते. तुमच्या बाबतीत हा फायदाच आहे: मुलांचं अकाउंट 'स्टँडर्ड' ठेवा, म्हणजे पासवर्डशिवाय त्यांना हा बदल करता येणार नाही.

पण लक्षात ठेवा, हे प्रोग्रॅमही डीएनएस नेटवर्क कार्डालाच लावतात, म्हणजे सगळ्या वाय-फायना. काम झालं की त्याच यादीतून ऑटोमॅटिकवर परत या, नाहीतर पुढच्या हॉटेलात परत तेच. आणि प्रोग्रॅममध्ये कार्ड निवडताना फक्त 'वाय-फाय' निवडा, 'सगळी कार्डं' नको. त्याचं कारण व्हीपीएनच्या भागात सांगतो.

असा प्रोग्रॅम फक्त बनवणाऱ्याच्याच साइटवरून घ्या, इथे जराही ढिलाई नको. ज्याच्या हातात तुमचा डीएनएस, तो बँकेचं नाव टाकल्यावर तुम्हाला भलत्याच पानावर नेऊ शकतो. हे नुसतं घाबरवणं नाही. 'डीएनएसचेंजर' नावाच्या व्हायरसने जगभरातल्या ४० लाखांच्या आसपास कॉम्प्युटरचा डीएनएस गुपचूप बदलला होता. अमेरिकेच्या एफबीआयने नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी पकडली, पण लोकांचं इंटरनेट एकदम बंद पडू नये म्हणून त्या टोळीच्या सर्व्हरच्या जागी चांगले सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. व्हॉट्सअॅपवर 'हा डीएनएस टाका, नेट सुसाट' म्हणून कुणी अनोळखी आकडे पाठवले तर ते भरू नका.

आता ज्या ठिकाणी बहुतेक लोक अडकतात ते. आकडे बरोबर, सेव्ह केलं, तरी फिल्टर चालत नाही. कमांड प्रॉम्प्ट उघडा, 'एनएसलुकअप' (nslookup) लिहा, एक जागा सोडून कुठल्याही साइटचं नाव लिहा, एंटर. उत्तराच्या वरच्या दोन ओळी वाचा: 'सर्व्हर' आणि त्याखाली 'अॅड्रेस'. लॅपटॉपवरच आकडे भरले असतील तर तिथे १.१.१.३ दिसायला हवं. त्याऐवजी 'एफई८०'ने सुरू होणारं लांबलचक काहीतरी दिसलं, तर तुमचा लॅपटॉप आयपीव्ही६ च्या, म्हणजे पत्त्यांच्या नव्या पद्धतीच्या, वाटेने राउटरलाच विचारतोय. आपल्याकडे जिओसकट अनेक जोडण्यांवर आता आयपीव्ही६ असतं, आणि लोक फक्त आयपीव्ही४ चे आकडे भरून थांबतात. डीएनएस भरायच्या त्याच खिडकीत खाली आयपीव्ही६ चं वेगळं बटण आहे. ते चालू करून क्लाउडफ्लेअरच्या कुटुंब-डीएनएससाठी २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३ भरा. मधे सलग दोन कोलन (:) आहेत, ते तसेच टाकायचे. राउटरमध्ये फिल्टर भरला असेल तर तिथेही आयपीव्ही६ चा डीएनएस वेगळा भरावा लागतो.

मग जुनी साठवलेली उत्तरं पुसा. त्याच काळ्या खिडकीत 'आयपीकॉन्फिग', एक जागा, तिरपी रेघ, आणि तिला चिकटून 'फ्लशडीएनएस' (ipconfig /flushdns). ब्राउझरही पूर्ण बंद करून उघडा, कारण तोही स्वतःची साठवण ठेवतो.

ब्राउझरचं अजून एक. क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिघांमध्येही 'सिक्युअर डीएनएस'सारखं सेटिंग असतं. त्यात कुणी वेगळी सेवा निवडून ठेवली असेल तर तो ब्राउझर विंडोजच्या डीएनएसला विचारतच नाही. मुलांच्या अकाउंटमध्ये ते तपासा. तुमच्यासाठी मात्र हीच सोय आहे. हे सेटिंग प्रत्येकाच्या अकाउंटपुरतं असतं, त्यामुळे तुमच्या अकाउंटच्या ब्राउझरमध्ये १.१.१.१ निवडून ठेवलात तर फिल्टर मुलांना राहतो आणि तुमचं ब्राउझिंग मोकळं. मग वरचा प्रोग्रॅमही क्वचितच लागेल.

व्हीपीएन. विंडोजच्या दृष्टीने व्हीपीएन हे वेगळं नेटवर्क कार्ड असतं आणि जोडणी झाली की ते कंपनीचा डीएनएस स्वतःच घेऊन येतं. तुम्ही वाय-फायला काय लावलंय याचा त्याला सहसा त्रास होत नाही. त्रास होतो तो 'सगळी कार्डं' निवडून डीएनएस बदलला की. कंपनीच्या आतल्या सर्व्हरची नावं फक्त कंपनीच्याच डीएनएसला माहीत असतात, बाहेरचा डीएनएस 'असं नावच नाही' म्हणतो, आणि तुमचा शेअर ड्राइव्ह उघडत नाही. काही कडक फिल्टर व्हीपीएनच्या साइटही अडवतात, क्लीनब्राउझिंगचा फॅमिली फिल्टर त्यातलाच, त्यामुळे व्हीपीएन जोडलंच जात नसेल तर आधी फिल्टर कोणता आहे ते बघा. आणि लॅपटॉप कंपनीने दिलेला असेल तर यातलं काहीही करण्याआधी तुमच्या आयटी विभागाला विचारा. त्या परिस्थितीत फिल्टर राउटरवरच बरा.

डीएनएस बदलून नेटचा वेग वाढेल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. डाउनलोडचा वेग वाढत नाही. पान उघडायला सुरुवात होण्याआधीचा क्षणभराचा उशीर थोडा कमी होऊ शकतो, तोही इंटरनेटवाल्याचा डीएनएस खरंच सुस्त असेल तर. कधी उलटंही होतं. व्हिडिओच्या मोठ्या साइट तुमच्या जवळचा सर्व्हर ठरवताना डीएनएसची चौकशी कुठून आली ते बघतात. बाहेरच्या डीएनएसमुळे तो अंदाज चुकला तर व्हिडिओ लांबून येतो आणि अडखळतो. असं दिसलं तर ऑटोमॅटिकवर परत जाऊन फरक बघा.

लिनक्सवरही वाय-फायनिहाय डीएनएस ठेवता येतो. मॅकमध्ये नेटवर्क सेटिंग्जमधल्या 'लोकेशन्स'मध्ये घर, ऑफिस अशी वेगवेगळी मांडणी करून ठेवता येते, आणि एकापेक्षा जास्त लोकेशन्स असली की वरच्या अॅपल मेनूतूनच बदलता येतात.

तुमचं व्हीपीएन कुठल्या प्रकारचं आहे आणि राउटरमध्ये डीएनएसची जागा उघडी आहे का, एवढं प्रश्नात वाढवलंत तर तुमच्या घरासाठी नेमकं कुठे काय भरायचं ते सांगतो.