वाचकांचे प्रश्न: एआय एजंट डॉक्युमेंटेशन वाचणार असेल तर काय लिहायचं?

प्रश्न: मी हवामानाच्या जुन्या नोंदींचा एक डेटाबेस केलाय, त्यात जीएचसीएन-डेली या जागतिक संग्रहातल्या हवामान स्टेशनच्या रोजच्या नोंदी आहेत आणि ईआरए५ चा (निरीक्षणं आणि हवामान मॉडेल जुळवून काढलेला जगभराचा) ताशी डेटा आहे. त्यावर एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न, म्हणजे क्वेरी, विचारायची भाषा) चालवणारं टूल लिहून एमसीपीमधून (एआयला बाहेरची टूल जोडायची प्रमाणित पद्धत) एआय एजंटला, म्हणजे टूल स्वतः वापरून काम करणाऱ्या एआयला, जोडलं. टूलच्या वर्णनात "हवामानाच्या डेटाबेसवर क्वेरी चालवते" एवढंच लिहिलंय. कधी उत्तर बरोबर येतं, कधी काहीच्या काही, पण एरर म्हणून एकदाही येत नाही. डॉक्युमेंटेशन वाढवायचं तर नेमकं काय लिहू? सगळंच लिहायला घेतलं तर पुस्तक होईल.

उत्तर: एरर येत नाही हाच तर सगळा घोळ आहे! माणसाला कॉलमचं नाव कळलं नाही तर तो शेजारच्याला विचारतो, एजंट विचारत बसत नाही, त्याला जे वाटलं ते धरून चालतो आणि वर छान परिच्छेद लिहून देतो.

माझ्यावर बेतलेलं सांगते. जीएचसीएन-डेलीच्या मूळ फाइलमध्ये टीमॅक्स (दिवसाचं कमाल तापमान) हा सेल्सिअसच्या दहाव्या भागात असतो, म्हणजे ३१० लिहिलं असेल तर ते ३१.० अंश, आणि नोंद नसेल तिथे -९९९९. मी ते जसंच्या तसं टेबलात भरलं होतं. आता समजा ३० दिवसांचा महिना आहे, २९ दिवस ३१० आणि एक दिवस नोंद नाही. एजंटने सरळ सरासरी काढली, ती आली -३३.६, मग दहाने भागलं (तेवढं मात्र त्याला माहीत होतं) आणि उत्तर दिलं उणे ३.४ अंश. वर "असामान्य थंडीचा महिना" असं निदानही करून मोकळा. आकडा -९९९ वगैरे आला असता तर कुणालाही संशय आला असता, पण उणे ३.४ हे खरं वाटण्यासारखं आहे ना, म्हणून मी दोन दिवस तेच घेऊन बसले होते.

त्यामुळे एसक्यूएल कसं लिहायचं ते त्याला शिकवू नका, ते त्याला येतं. जे टेबलाकडे बघून कळूच शकत नाही तेवढंच लिहा, म्हणजे पुस्तक होणार नाही. प्रत्येक कॉलमचं एकक, नोंद नसेल तर तिथे काय असतं, वेळ कुठली. ईआरए५ मध्ये तापमान केल्विनमध्ये आणि पाऊस मीटरमध्ये असतो, ०.०१२ म्हणजे १२ मिलिमीटर, आणि एजंटने ते मिलिमीटर समजून वाचलं की चांगल्या पावसाच्या दिवशी दुष्काळ जाहीर! शिवाय वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असते आणि तासाचा पाऊस हा त्या वेळेला संपणाऱ्या तासाचा असतो, म्हणजे ००:०० ची नोंद खरं तर आदल्या दिवसात धरायची. हे कुठलाही एजंट स्वतःहून ओळखेल असं धरू नका, माणसंही चुकतात इथे. रेखांश ० ते ३६० आहेत की -१८० ते १८० तेही एका ओळीत सांगून टाका, नाहीतर पश्चिम गोलार्धाचं काहीही विचारलं की रिकामं उत्तर येतं आणि एजंट म्हणतो डेटा उपलब्ध नाही.

"सरासरीपेक्षा किती जास्त" असा कॉलम तुम्ही ठेवला असेल तर कुठल्या काळाची सरासरी ते लिहिल्याशिवाय तो कॉलम निरुपयोगी आहे. जागतिक तापमानाच्या नोंदींमध्ये नासाचं गिस्टेम्प १९५१ ते १९८० धरतं, ब्रिटनचं हॅडक्रूट १९६१ ते १९९०, दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवून एजंट बिनधास्त तुलना करतो.

एरर मेसेज हाही डॉक्युमेंटेशनचाच भाग आहे, बहुतेक लोक हे विसरतात. "क्वेरी अयशस्वी" वाचून एजंट तीच क्वेरी थोडी फिरवून पुन्हा मारतो, पुन्हा मारतो. त्याऐवजी टूलने असं म्हणावं: "तारखेची मर्यादा दिलेली नाही. ताशी टेबलावर एका वेळी जास्तीत जास्त ३१ दिवस मागता येतात, जास्त हवे असतील तर मासिक टेबल वापरा." पुढच्या फेरीत तो बरोबर येतो. ही मर्यादा हवीच, कारण ईआरए५ ची पूर्ण ग्रिड (रेखांश-अक्षांशांची जाळी) १४४० गुणिले ७२१ बिंदूंची, वर्षाचे ८७६० तास, म्हणजे एकाच घटकाचे एका वर्षात ९०९ कोटी आकडे.

आणि "फक्त वाचण्यासाठी वापरा" हे वर्णनात लिहून निश्चिंत होऊ नका हं, डेटाबेसचा युजरच रीड-ओन्ली द्या.

प्रश्न: हे डॉक्युमेंटेशन एजंटकडूनच लिहून घेतलं तर?

उत्तर: साचा घ्या, मजकूर घेऊ नका. कॉलमचं नाव बघून तो "पाऊस, मिलिमीटरमध्ये" असं ठामपणे लिहील, आणि पुढचा एजंट तेच प्रमाण मानेल. तपासायला मात्र एजंट उत्तम, नवीन सेशन उघडा, ज्यांची उत्तरं तुम्ही हाताने काढलीत असे दहा प्रश्न विचारा, आणि उत्तरापेक्षा त्याने लिहिलेली क्वेरी वाचा. जिथे चुकला तिथे एक ओळ वाढवा, आणि जी ओळ काढूनही तो चुकत नाही ती काढून टाका.