बोट बुडाली, तर चौकशी कोण करतं?

प्रश्न : भाचा बोटीवर आहे. मालक जपानी, झेंडा पनामाचा. उद्या काही अघटित झालं, तर चौकशी कोण करणार?

उत्तर : पनामा. मालक कुणीही असो, बोट ज्या देशात नोंदलेली आहे त्याचीच ही जबाबदारी. बोट गमावली, कामकाजात माणूस दगावला किंवा पर्यावरणाची गंभीर हानी झाली, तर 1 जानेवारी 2010 पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार तपास सक्तीचा आहे. भारतीय खलाशी दगावला असेल, तर भारतालाही तपासात सहभागी होता येतं. आपल्याकडे हे काम मुंबईचं नौवहन महासंचालनालय पाहतं.

प्रश्न : विमानासारखा ब्लॅक बॉक्स बोटीवर असतो का?

उत्तर : मोठ्या बोटींवर असतो; त्याला व्हीडीआर म्हणतात. ब्रिजवरचं, म्हणजे बोट जिथून चालवतात त्या कक्षातलं बोलणं, रडार, वेग, दिशा, सुकाणूला दिलेला हुकूम हे सगळं त्यात साठतं. 1 जुलै 2014 नंतर बसवलेल्या यंत्राच्या कॅप्सुलमध्ये किमान 48 तासांची नोंद राहते. गंमत म्हणजे ती हातची जाते ती बहुधा न बुडालेल्या बोटींची. बोट खडकावर रुतते, वीज चालूच असते, धांदलीत ‘सेव्ह’चं बटण कुणी दाबत नाही आणि जुन्या नोंदीवर नवी चढत जाते.

प्रश्न : सगळेच बुडाले, तर तपासाला सापडणार काय?

उत्तर : पुष्कळ सापडतं. 1 ऑक्टोबर 2015 ला ‘एल फारो’ ही अमेरिकी मालवाहू बोट बहामाजवळ वादळात बुडाली. 33 जणांपैकी कुणीच वाचलं नाही. दहा महिन्यांनी सुमारे 4,600 मीटर खोलीवरून व्हीडीआर वर काढला, त्यात 26 तासांचं ध्वनिमुद्रण निघालं. कॅप्टन ज्या हवामान-नकाशांवर विसंबला होता, ते हाती पडेपर्यंतच काही तास शिळे झालेले असत. वाऱ्याने बोट उजवीकडे कलली आणि तिसऱ्या होल्डवरच्या, म्हणजे माल ठेवायच्या कोठारावरच्या, माणूस उतरण्यापुरत्या उघड्या झाकणातून पाणी आत शिरू लागलं. ते बंद करता यावं म्हणून बोट वळवली, तर कल डावीकडे गेला. इंजिनाचं वंगण खेचणारं तोंड मध्यरेषेच्या उजवीकडे, टाकीत तेलही कमी. तोंड उघडं पडलं, तेलाचा दाब गेला, इंजीन थांबलं. वळवण्यात चूक वाटत नाही. पण तेलाचं तोंड कुठल्या बाजूला आहे हे ब्रिजवर कुणाच्या ध्यानात असतं?

प्रश्न : भाच्याने दिलेला जबाब त्याच्यावरच उलटेल का?

उत्तर : सुरक्षा-तपास दोष ठरवण्यासाठी नसतो, पण पोलीस किंवा परवान्याची चौकशी वेगळी चालू शकते. म्हणून समोरचा अधिकारी कुठल्या चौकशीचा, हे त्याने आधी विचारावं. स्वतःविरुद्ध न बोलण्याबाबत आपले हक्क काय, हे कायदेशीर सल्ला घेऊन समजून घेण्याची मुभा संहिता खलाशाला देते. सही करण्यापूर्वी जबाब त्याला कळणाऱ्या भाषेत वाचून घ्यावा.